एम्बेडेड प्रोसेसरचे हार्डवेअर टायमर लिनक्स कर्नलला कसे सांगायचे

प्रश्न थोडक्यात असा: एका कोअरचा ३२ बिटी आर्म प्रोसेसर आहे. आर्मचा जेनेरिक टायमर त्यात नाही, पण २४ मेगाहर्ट्झवर चालणारे एकसारखे चार ३२ बिटी टायमर आहेत. डिव्हाइस ट्रीमध्ये, म्हणजे चिपवर कुठलं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणाऱ्या फाइलमध्ये, त्यांची नोंद कशी करायची, कुठला टायमर कशासाठी हे कुठे लिहायचं, आणि पोर्ट केलेलं कर्नल 'कॅलिब्रेटिंग डिले लूप' या ओळीवर का अडकतं?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी सगळं त्यातून उलगडतं. त्या ओळीवर कर्नल 'जिफीज' हा आपला वेळ मोजणारा आकडा बदलायची वाट पाहत असतं. तो वाढतो टायमरच्या इंटरप्टने, म्हणजे टायमर प्रोसेसरला देतो त्या हाकेने. म्हणजे इंटरप्ट येत नाहीये, एवढं नक्की. याची कारणं जवळजवळ नेहमी तीनपैकी एक असतात: डिव्हाइस ट्रीमध्ये इंटरप्टचा क्रमांक चुकला आहे, टायमरला क्लॉक मिळत नाही, किंवा ड्रायव्हरचं इनिट फंक्शन (सुरुवातीची जुळणी करणारा कोड) चाललंच नाही किंवा मध्येच अपयशी ठरलं. तिन्ही तपासण्याची पद्धत खाली ओघात येईल.

कर्नलला टायमरकडून दोन वेगळी कामं हवी असतात आणि ती डोक्यात वेगळी ठेवली नाहीत तर ड्रायव्हर लिहिताना गोंधळ होतो. एक भिंतीवरचं घड्याळ, दुसरा गजर. घड्याळ म्हणजे क्लॉकसोर्स: अखंड धावणारा काउंटर, जो फक्त वाचायचा, कधी थांबवायचा नाही, कधी शून्यावर आणायचा नाही. गजर म्हणजे क्लॉकइव्हेंट: 'एवढ्या टिकनंतर (काउंटरच्या ठोक्यांनंतर) इंटरप्ट दे' असं सांगता येणारं यंत्र. २००७ साली २.६.२१ या आवृत्तीत क्लॉकइव्हेंटची चौकट आली तेव्हापासून ही विभागणी कायम आहे. कुठलं काम कधी चालवायचं ते ठरवणाऱ्या शेड्यूलरसाठी लागणारं 'शेड क्लॉक' हे तिसरं काम, पण ते क्लॉकसोर्सच्याच काउंटरवर भागतं.

एकाच टायमरकडून दोन्ही कामं करून घेता येतात का? काउंटर मुक्त धावत असेल आणि त्याला वेगळं कम्पेअर रजिस्टर (काउंटर ज्या आकड्याला पोचला की इंटरप्ट येतो तो ठेवण्याची जागा) असेल, तर हो. पण टायमर शून्यापर्यंत उलटा मोजून रीलोड होणारा असेल, तर गजर लावण्यासाठी दर वेळी त्यात नवा आकडा भरावा लागतो आणि घड्याळ म्हणून तो निकामी होतो. आर्मचा एसपी८०४ हा टायमर ब्लॉक असाच आहे. तिथे दोन स्वतंत्र काउंटर लागतात, आणि त्या ब्लॉकमध्ये ते दिलेलेच आहेत. तुमचे टायमर यातल्या कुठल्या प्रकारचे आहेत हे मॅन्युअलमध्ये पहिल्यांदा बघा. पुढचे सगळे निर्णय त्यावर ठरतात.

आता डिव्हाइस ट्री. इथे एक नियम मी कधीच मोडू देत नाही: नोडमध्ये, म्हणजे एका हार्डवेअरच्या नोंदीत, सिलिकॉनवर काय आहे ते लिहायचं, लिनक्स त्याचं काय करणार ते लिहायचं नाही. 'हा क्लॉकसोर्स, तो क्लॉकइव्हेंट' अशी प्रॉपर्टी बनवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण क्लॉकसोर्स ही लिनक्सच्या आतली कल्पना आहे. तीच डिव्हाइस ट्री यू-बूट हा बूटलोडरही (कर्नल सुरू करून देणारा प्रोग्रॅम) वाचतो, इतर ऑपरेटिंग सिस्टिमही वाचतात, आणि उद्या लिनक्सची रचना बदलली तरी जुन्या बोर्डावरची फाइल चालली पाहिजे.

नोड किती करायचे, चार की एक? निकष सोपा आहे. प्रत्येक टायमरचं स्वतःचं कंट्रोल रजिस्टर, स्वतःचा इंटरप्ट आणि स्वतःचा क्लॉक गेट (क्लॉक चालू-बंद करणारा स्विच) असेल तर चार नोड. चौघांचं स्टार्ट रजिस्टर किंवा प्रीस्केलर (क्लॉकचा वेग भागून कमी करणारा भाग) सामायिक असेल तर एकच नोड, त्यात चार इंटरप्ट क्रमाने. सामायिक रजिस्टर असताना चार नोड केले तर दोन ड्रायव्हर एकच रजिस्टर वाचून, बिट बदलून परत लिहायला बघतात आणि एकाने चालू केलेला टायमर दुसरा बंद करतो. हा दोष रोज दिसत नाही, महिन्यातून एकदा दिसतो, म्हणूनच जास्त त्रासदायक. एसपी८०४ चं उदाहरण इथेही उपयोगी आहे: दोन काउंटर, दुसऱ्याची रजिस्टरं ३२ बाइट पुढे, पण नोड एकच आणि त्यात तीन क्लॉक, म्हणजे प्रत्येक काउंटरचा एक आणि बसचा एक.

नोडचं नाव साधं 'टायमर' आणि पुढे आधारपत्ता. 'कंपॅटिबल' या ओळीवरून कर्नल ड्रायव्हर निवडतं, तिच्यात नेमक्या चिपचं नाव हवं. मालिकेतल्या सगळ्या चिप्ससाठी शेवटी एक्स घातलेलं मोघम नाव नको. पुढच्या चिपमध्ये तोच ब्लॉक आला तर तिचं नाव आधी आणि जुन्याचं मागे लिहायचं, ड्रायव्हरला हात लावावा लागत नाही. 'रेग'मध्ये पत्ता आणि लांबी. चारही टायमर एकाच ४ किलोबाइटच्या पानात असतील तर प्रत्येकाची खरी लांबीच लिहा. पूर्ण पान लिहिलं तर पत्ते एकमेकांवर चढतात.

'इंटरप्ट्स' ही सगळ्यात जास्त चुकणारी ओळ. इंटरप्ट कंट्रोलर जीआयसी (आर्मचा नेहमीचा इंटरप्ट कंट्रोलर) असेल तर सहसा तीन आकडे लागतात: प्रकार, क्रमांक, ट्रिगर. चिपच्या मॅन्युअलमध्ये बहुतेक वेळा जीआयसीचा एकूण क्रमांक दिलेला असतो, आणि डिव्हाइस ट्रीला हवा असतो प्रकारातला क्रमांक. सामायिक इंटरप्टसाठी ३२ वजा करायचे, कोअरच्या खासगी इंटरप्टसाठी १६. मॅन्युअल ६९ म्हणत असेल तर लिहायचे ३७. मात्र काही मॅन्युअल आधीच वजा करून देतात, म्हणून कोष्टकाची सुरुवात शून्यापासून होते की ३२ पासून, हे बघूनच ठरवा. 'कॅलिब्रेटिंग'वर अडकलेल्या बोर्डांमध्ये मी पहिल्यांदा हाच आकडा तपासतो.

'क्लॉक्स'मध्ये टायमर ज्यावर मोजतो तो फंक्शनल क्लॉक, आणि रजिस्टर वाचण्यासाठी बसचा क्लॉक वेगळा असेल तर तोही. दोन असतील तर 'क्लॉक-नेम्स' द्या. क्लॉकचा संदर्भ देण्याऐवजी वारंवारतेचा आकडा थेट लिहिणं हा पळवाटीचा रस्ता. बूटलोडरने पीएलएल (क्लॉकची वारंवारता तयार करणारं सर्किट) बदलला की तो आकडा खोटा ठरतो आणि सिस्टिमचं घड्याळ पुढे किंवा मागे पळायला लागतं.

मग कुठला टायमर कशासाठी, हे ठरवायचं कुणी? ड्रायव्हरने. चौघे खरंच एकसारखे असतील तर पहिला सापडलेला नोड गजर आणि दुसरा घड्याळ, एवढं पुरतं. डिझाइनवेअरच्या एपीबी टायमरचा ड्रायव्हर हेच करतो. ते एकसारखे नसतील तर फरक हार्डवेअरचा गुण म्हणून लिहा. एखादा टायमर कायम चालू राहणाऱ्या पॉवर डोमेनमध्ये असेल तर तशी प्रॉपर्टी द्या. टीआयच्या (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या) टायमरना ती आहे. एखाद्याचं आउटपुट पिनवर नेऊन पीडब्ल्यूएमसाठी (रुंदी बदलणाऱ्या स्पंदांसाठी) वापरलं असेल तर त्या नोडमध्ये 'पीडब्ल्यूएम-सेल्स' येतं, आणि ते दिसलं की टायमर ड्रायव्हरने तो नोड सोडून द्यावा. सिक्युअर फर्मवेअरने राखलेल्या टायमरचा 'स्टेटस' 'रिझर्व्ड' ठेवा. तो काढून टाकू नका, तो चिपवर आहेच.

ड्रायव्हर 'ड्रायव्हर्स'मधल्या 'क्लॉकसोर्स' या फोल्डरमध्ये जातो आणि 'टायमर_ओएफ_डिक्लेअर' या मॅक्रोने नोंदवला जातो. टायमर लागतो बूटच्या फार सुरुवातीला, तेव्हा ड्रायव्हर मॉडेल उभंच राहिलेलं नसतं, म्हणून तिथे नेहमीचा प्लॅटफॉर्म ड्रायव्हर कामाचा नाही. याचा परिणाम क्लॉकवर होतो. टायमरला क्लॉक पुरवणारा ड्रायव्हरही तितकाच लवकर तयार हवा, म्हणजे 'सीएलके_ओएफ_डिक्लेअर'ने नोंदवलेला. तो प्लॅटफॉर्म ड्रायव्हर असेल तर क्लॉक मागितल्यावर 'प्रोब डिफर' ('आत्ता नाही, नंतर विचार') हा एरर येतो, आणि इतक्या लवकरच्या टप्प्यात नंतर पुन्हा विचारणारं कुणी नसतं. टायमर नोंदवलाच जात नाही. अडकण्याचं तिसरं कारण ते हे. टायमर थेट क्रिस्टलवर चालत असेल तर क्रिस्टलचा 'फिक्स्ड-क्लॉक' नोड करून त्याचा संदर्भ देणं हा सगळ्यात स्वच्छ मार्ग.

याच्याच जोडीचा एक दोष बूट जवळजवळ पूर्ण झाल्यावर दिसतो. सगळं नीट चालतं आणि यूजरस्पेस सुरू व्हायच्या सुमारास मशीन गोठतं. कारण बूटच्या शेवटी कर्नल कुणीही न मागितलेले क्लॉक बंद करतं. बूटलोडरने चालू ठेवलेल्या क्लॉकवर तुमचा टायमर आतापर्यंत फुकट धावत होता, ड्रायव्हरने 'प्रिपेअर-एनेबल' केलंच नव्हतं. कमांड लाइनवर 'सीएलके_इग्नोर_अनयूज्ड' घातल्यावर मशीन चालायला लागलं तर निदान पक्कं. उपाय म्हणून मात्र ती ओळ ठेवू नका, ड्रायव्हरमध्ये क्लॉक चालू करा. बसचा क्लॉक विसरणारे इथे जास्त सापडतात.

पत्ता मॅप करणं, क्लॉक चालू करणं आणि इंटरप्ट मागणं ही तिन्ही कामं 'टायमर_ओएफ_इनिट' करून देतं. हाताने लिहू नका, चुकीनंतर मागे आवरण्याचा कोडही त्यात आहे.

क्लॉकसोर्सचं काम त्या मानाने थोडकं. 'क्लॉकसोर्स_एमएमआयओ_इनिट'ला काउंटरचा पत्ता, नाव, वारंवारता, रेटिंग (अनेक क्लॉकसोर्समधून निवडताना लागणारा दर्जा), बिटांची संख्या आणि वाचण्याचं फंक्शन द्यायचं. उलटा मोजणारा काउंटर असेल तर 'डाउन' प्रकारचं फंक्शन निवडा, ते बिट उलटवून देतं. रेटिंग २०० ते २९९ म्हणजे चांगला, ३०० ते ३९९ म्हणजे पसंतीचा; चिपमध्ये दुसरा पर्याय नसेल तर २०० किंवा ३०० काहीही चालेल. बिटांची संख्या मात्र अचूक हवी. २४ मेगाहर्ट्झवर ३२ बिटी काउंटर सुमारे १७९ सेकंदांत पूर्ण फिरतो. कर्नल त्यातला सुरक्षित भाग धरून तेवढ्या वेळात तो वाचला जाईल अशी काळजी घेतं. १६ बिटी काउंटर असता तर तो २.७३ मिलिसेकंदांत फिरला असता, आणि कर्नलचा १०० हर्ट्झचा नियमित टिक १० मिलिसेकंदांचा. दोन टिकच्या मध्ये तो तीनदा फिरून जातो आणि वेळ गळते. अशा वेळी प्रीस्केलर लावा किंवा दोन काउंटर साखळीत जोडून ३२ बिट करा, एटी९१ मालिकेत तसं करतात. तोच काउंटर 'शेड_क्लॉक_रजिस्टर'लाही द्या. तो दिला नाही तर लॉगमधल्या वेळा टिकच्या उड्यांनी सरकतात आणि बूटचा वेग मोजताच येत नाही.

खरी मेख क्लॉकइव्हेंटमध्ये आहे, त्यातही 'सेट_नेक्स्ट_इव्हेंट'मध्ये. मुक्त काउंटर आणि कम्पेअर रजिस्टर अशी रचना धरा. कर्नल म्हणतं, ४० टिकनंतर उठव. तुम्ही काउंटर वाचता, त्यात ४० मिळवता, कम्पेअरमध्ये लिहिता. २४ मेगाहर्ट्झवर ४० टिक म्हणजे १.६७ मायक्रोसेकंद. तेवढ्यात बस अडली, तर तुमचं लिहिणं पोचेपर्यंत काउंटर त्या आकड्याच्या पुढे गेलेला असतो. हार्डवेअर 'बरोबर झाला का' एवढंच तपासत असेल, 'बरोबर किंवा पुढे' तपासत नसेल, तर इंटरप्ट येणार थेट पुढच्या फेरीत, १७९ सेकंदांनी. बाहेरून दिसतं ते असं: मशीन चालता चालता थांबतं, तीन मिनिटांनी आपोआप जागं होतं, लॉगमध्ये काही नाही. अधूनमधून साधारण तीन मिनिटं गोठणारा बोर्ड दिसला की काउंटरच्या फेरीचा हिशेब करा. आकडा जुळला तर दोष हाच.

उपाय चार पायऱ्यांचा. काउंटर वाचा. बेरीज कम्पेअरमध्ये लिहा. काउंटर परत वाचा. कम्पेअरमधून नवा काउंटर वजा करून तो फरक चिन्हासह ३२ बिटी म्हणून बघा. शून्य किंवा ऋण आला तर उणे 'ईटाइम' परत करा, पुढचं कर्नल बघून घेतं. तिसरी पायरी गाळणारे ड्रायव्हर आजही सापडतात. चिन्हासह वजाबाकी असल्यामुळे कमाल अंतर २ च्या ३१ व्या घाताहून कमी ठेवावं लागतं, म्हणजे २४ मेगाहर्ट्झवर सुमारे ८९ सेकंद. 'क्लॉकइव्हेंट्स_कॉन्फिग_अँड_रजिस्टर'ला कमाल म्हणून तेवढंच द्या, पूर्ण ३२ बिट नाही. किमान अंतर एकापेक्षा मोठं ठेवा: कम्पेअर लिहून परत वाचायला किती टिक जातात ते बोर्डावर मोजा आणि त्याच्या दुप्पट द्या.

इंटरप्ट हँडलरमध्ये क्रमाला महत्त्व आहे. आधी स्टेटस बिट साफ करा, मग 'इव्हेंट_हँडलर'ला हाक द्या. तो हँडलर आतल्या आत पुढचा गजर लावतो. बिट नंतर साफ केला, आणि तोवर नवा गजर वाजून गेला असेल, तर तुम्ही तोच पुसून टाकता. इंटरप्ट मागताना 'आयआरक्यूएफ_टायमर' हा फ्लॅग द्या. तो नसेल तर फोर्स-थ्रेडेड कर्नलमध्ये (जिथे इंटरप्टची कामं सक्तीने वेगळ्या थ्रेडमध्ये चालतात) टायमरचा हँडलर थ्रेडमध्ये ढकलला जातो, आणि तो थ्रेड टायमरशिवाय नीट चालत नाही.

टायमर ३२,७६८ हर्ट्झच्या संथ क्लॉकवर असेल तर आणखी एक अडचण येते. तुमचं लिहिणं बसच्या वेगाने होतं, पण टायमरपर्यंत पोचायला संथ क्लॉकचे दोन-तीन ठोके लागतात. एक ठोका ३०.५ मायक्रोसेकंदांचा. मधल्या काळात दुसरं लिहिणं केलं तर पहिलं हरवू शकतं, म्हणून बहुतेक चिप्समध्ये 'लिहिणं बाकी आहे' सांगणारा बिट असतो, तो बघूनच पुढे जा. वाचतानाही आकडा बदलण्याच्या क्षणी अर्धवट बिट हाती येऊ शकतात. चिप स्वतः सांभाळत नसेल तर लागोपाठ दोन वाचनं सारखी येईपर्यंत वाचा. ६४ बिटी काउंटर ३२ बिटी बसवरून वाचताना वरचा भाग, खालचा भाग, पुन्हा वरचा भाग असं वाचायचं आणि वरचे दोन जुळले नाहीत तर परत सुरुवात.

गाढ आयडल स्थितीत टायमरची वीज किंवा क्लॉक जात असेल तर 'सी३स्टॉप' हे वैशिष्ट्य जाहीर करणं बंधनकारक आहे. नाहीतर कर्नल निश्चिंतपणे झोपतं आणि उठवायला कुणी नसतं. अर्थात मग ब्रॉडकास्टसाठी, म्हणजे झोपलेल्या कोअरला त्याच्या वतीने उठवण्यासाठी, दुसरा, जागा राहणारा टायमर हवा. कायम चालू डोमेनमधला टायमर डिव्हाइस ट्रीमध्ये वेगळा ओळखू आला पाहिजे तो यासाठीच.

पुढच्या चिपमध्ये आर्मचा जेनेरिक टायमर आला तर यातलं बरंच काम वाचेल. तिथे नोडमध्ये खासगी इंटरप्ट ठरलेल्या क्रमाने द्यायचे: सिक्युअर, नॉन-सिक्युअर, व्हर्च्युअल, हायपरव्हायजर, आणि नेहमीचे क्रमांक १३, १४, ११, १०. वारंवारता फर्मवेअरने 'सीएनटीएफआरक्यू' रजिस्टरमध्ये लिहायची असते. ती नोडमध्ये लिहिणं म्हणजे बिघडलेल्या फर्मवेअरला ठिगळ, नव्या बोर्डावर ते करू नका. रिस्क-फाइव्हवर वारंवारता 'सीपीयूज' नोडमधल्या 'टाइमबेस-फ्रिक्वेन्सी'तून येते. तिथे ३२ बिटी कोअरवरून ६४ बिटी कम्पेअर लिहिताना आधी खालच्या भागात सगळे एक भरा, मग वरचा भाग, मग खरा खालचा भाग. उलट केलं तर मधल्या क्षणी खोटा इंटरप्ट उडतो.

तपासणीची सुरुवात कर्नलच्या आधी करा. यू-बूटच्या प्रॉम्प्टवर टायमर चालू करून 'एमडी' या मेमरी दाखवणाऱ्या कमांडने काउंटर दोनदा वाचा. आकडा हलत नसेल तर क्लॉक किंवा रीसेटचा प्रश्न आहे, कर्नलमध्ये शोधून काही मिळणार नाही. हलत असेल तर १० सेकंदांच्या अंतराने वाचून फरक काढा, २४ कोटींच्या आसपास यायला हवा. १२ कोटी आला तर मध्ये कुठेतरी दोनचा भागाकार आहे. बूट झाल्यावर 'प्रॉक'मधल्या 'इंटरप्ट्स'मध्ये टायमरची ओळ वाढते का बघा. 'टायमर_लिस्ट'मध्ये क्लॉकइव्हेंटचं नाव, किमान आणि कमाल अंतर दिसतं, ते तुम्ही दिलेल्या आकड्यांशी ताडून पाहा. 'सिस'मधल्या 'करंट_क्लॉकसोर्स'मध्ये 'जिफीज' दिसलं तर तुमचा क्लॉकसोर्स नोंदवलाच गेलेला नाही. मग 'स्लीप ६००' चालवून दुसऱ्या मशीनच्या घड्याळाशी तुलना करा. वारंवारता चुकली असेल तर फरक ठरावीक गुणोत्तरात येतो, काउंटरच्या फेऱ्या हुकत असतील तर अनियमित येतो. शेवटी 'सायक्लिकटेस्ट' (टायमर किती उशिरा उठवतो ते मोजणारा प्रोग्रॅम) रात्रभर, बस आणि मेमरीवर भार ठेवून. कम्पेअरची शर्यत रिकाम्या मशीनवर सहसा दिसत नाही.

बदल मुख्य कर्नलला पाठवणार असाल तर बाइंडिंगची (नोडमध्ये काय आणि कसं लिहायचं ते ठरवणाऱ्या नियमांची) याम्ल फाइल वेगळ्या पॅचमध्ये आणि ड्रायव्हरच्या आधी द्या. 'डीटी_बाइंडिंग_चेक' आणि 'डीटीबीएस_चेक' दोन्ही एकही इशारा न येता पार झाले पाहिजेत. चारपैकी दोनच टायमर आज वापरणार असलात तरी बाइंडिंग चौघांना पुरेल असं लिहा, इंटरप्ट आणि क्लॉक सगळे धरून. ड्रायव्हर नंतर कधीही बदलता येतो. बाइंडिंग एकदा स्वीकारलं गेलं की जुन्या बोर्डांसाठी तेच कायम पाळावं लागतं.